औषध आणि पात्रापात्रविचार

दान देतांना पात्र पाहावें, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. कुपात्रीं दिलेलें दान दात्यासहि बाधतें असें मानणारे लोक आपल्यांत अजून थोडे नाहींत. आणि ज्या समाजांत देण्यासारखें द्रव्य थोडें व पसरलेले हात पुष्कळ, तेथें हा विचार अगदींच टाकाऊ आहे असें आम्हीहि म्हणणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, औषध हें दान आहे काय? तहानलेल्यास पाणी देतांना त्याचें गोत्र पुसूं नये असें सांगणारा सज्जनहि, रोग विशिष्ट प्रकारचा असला म्हणजे, 'हा तुला झाला कसा?' असें रोग्यास विचारल्यावांचून राहत नाहीं. आणि मिळालेल्या उत्तरावरून आपल्या दयेचें माप ठरवितो. ह्या पुसण्याचा थोडा विचार करावा असें आमच्या मनांत फार दिवस घोळत आहे. त्यास आमचा अधिकार विद्वत्तेचा नाहीं. आम्हीं स्वतः तसें पुसलें आहे, एवढाच आहे.

आम्ही राहतों तें पुंडलिकनगर म्हणजे छत्रपति संभाजीनगरांतील, गारखेड्याच्या अंगची, मध्यमवर्गीयांची एक दाट वस्ती. पूर्वीं येथें शेतें होतीं. आतां भिंतीस भिंत लावून घरें उभीं आहेत, आणि नळाचें पाणी कोणत्या दिवशीं येणार ह्या विषयापुढें इतर सर्व तत्त्वज्ञान फिकें पडतें. शहराचें नांव औरंगाबाद होतें तेव्हांची, म्हणजे सुमारें वीस वर्षांपूर्वींची ही गोष्ट. आमच्याकडे सकाळीं पोळ्या करावयास एक बाई येत असे. तिचा नवरा वाळूजच्या बाजूस एका कारखान्यांत कामास होता. तो वारंवार आजारी पडूं लागला आणि एका पावसाळ्यांत वारला. पुढें महिना-दोन महिन्यांत, कोणीं स्पष्ट उच्चारल्यावांचूनच, एक शब्द आमच्या गल्लींत फिरूं लागला. आमच्या कुटुंबानें बाईला विचारलें. तिनें लपविलें असतें तर आमचें काम सोपें झालें असतें. तिनें कणीक मळतां मळतां हात थांबविला आणि म्हणाली, "काकू, घाटीत तपासलंय. मला बी निघालं."

त्यावर पुढचा प्रश्न आम्हीं विचारला. तो शब्दशः लिहिण्याची आज लाज वाटते. त्याचा आशय, हें तुझ्याकडे कोठून आलें, असा होता. उत्तरांत नवऱ्यावांचून दुसरा पुरुष नव्हता. तें ऐकून आम्हांस हायसें वाटलें. बिचारी निर्दोष आहे, असें आम्ही एकमेकांस म्हणालों. आमच्या मनांत करुणा दाटून आली. दोन महिन्यांचा पगार तिच्या हातावर ठेवला, वर पायलीभर गहूं दिले, 'आतां थोडी विश्रांति घे' असें सांगितलें, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरी बाई ठेवली. पोळीवाटे हा रोग जात नाहीं हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याविषयींचीं पत्रकें आम्हीं स्वतः शाळेंत मुलांस वाचून दाखविलीं होतीं.

आमची भीति क्षम्य मानणारे दयाळू वाचक असतील. भीतीला पुष्कळदां ज्ञानाचा उपाय चालत नाहीं, हें खरेंहि आहे. पण आज आम्हांस टोंचतें तें भीतीहून निराळेंच आहे; टोंचतें तें हायसें वाटणें. त्या दिवशीं उत्तर दुसरें आलें असतें, तर पगार एकाच महिन्याचा दिला असता कीं काय, आणि गहूं दिले असते कीं नाहीं, ह्याचा हिशेब आम्हीं पुढें अनेक वेळां मनाशीं केला आहे. तो हिशेब आमच्या बाजूनें कधींच जुळला नाहीं.

हा प्रश्न पुन्हां उपस्थित झाला तो एका अगदीं भलत्या वाटेनें. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे जमिनीचा जो वास सुटतो, त्याचें कारण काय, असें आमच्या नातवानें विचारलें. मातीचा वास, एवढ्यावर हल्लींचीं मुलें समाधान पावत नाहींत. म्हणून पुस्तकें उघडणें भाग पडलें. तो वास मुख्यतः मातीचा नव्हेच. मातींत ॲक्टिनोमायसीट नांवाचे सूक्ष्म जीव असतात. दिसावयास बुरशीसारखे, तंतूतंतूंनीं पसरणारे, पण जातीनें जंतूच. त्यांनीं तयार केलेल्या जिओस्मिन नांवाच्या द्रव्याचा तो वास. चिमूटभर काळ्या मातींत अशा व इतर जीवांची वस्ती कोट्यवधींची असते. पुंडलिकनगरांत पाण्याची टंचाई आहे. पायाखालच्या ह्या दुसऱ्या नगरांत जागेची आणि अन्नाची आहे. तेथें शेजाऱ्यास मागें सारण्याकरितां, अडविण्याकरितां, कधीं त्याच्याशीं जमवून घेण्याकरितां नाना प्रकारचीं द्रव्यें निर्माण होत असतात. आणि त्यांतील कांहीं योगायोगानें आपल्या उपयोगीं पडतात.

क्षयावरील पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ यांनीं अशाच एका मातींतील जीवापासून मिळविलें. आपल्याकडेहि हें घडलेलें आहे, आणि तें आपण विसरलों आहों. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तेथें तिरुमलाचार यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिंपरीच्याच मातींतून एक स्ट्रेप्टोमायसीस वेगळा केला; गांवावरून त्यास 'पिंप्रिना' हें नांव मिळालें, आणि त्यापासून निघालेलें बुरशीजन्य रोगांवरील औषध १९६१ सालीं 'हॅमायसीन' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. जेजुरीच्या भंडाऱ्याची चिमूट भक्तिभावानें जपणाऱ्या आपल्या घरांतून पिंपरीच्या मातीच्या ह्या चिमटीची कथा कोणी मुलांस सांगत असेल असें वाटत नाहीं. त्याच पिंपरीला लागून भोसरी आहे, आणि भोसरीस १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. (तिचें नांव अलीकडे बदललें आहे.) मातींतील औषध शोधणारें घर आणि आमच्या पोळीवाल्या बाईच्या रोगाचा अभ्यास करणारें घर एवढीं शेजारीं असावीं, हा योग नुसता नकाशावरचा, तरी आम्हांस तो विचार करावयास लावणारा वाटला.

कारण मातींतील जीव आणि हा रोग ह्यांची गांठ अन्यत्र खरोखरच पडलेली आहे. १९९७ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनीं नॉस्टॉक जातीच्या एका नीलहरित जीवापासून 'सायनोव्हिरीन' नांवाचें प्रथिन मिळविलें. ह्या नॉस्टॉकचे भाऊबंद आपल्याकडे पावसाळ्यांत ओल्या जमिनीवर हिरवट-काळ्या बुळबुळीत पापुद्र्यांच्या रूपानें दिसतात, आणि आपण त्यांवर पाय घसरूं नये म्हणून बेतानें चालतों. पुढें २००१ सालीं जपानच्या किटासाटो संस्थेंतील मंडळींनीं एका ॲक्टिनोमायसीटापासून 'ॲक्टिनोहिव्हिन' हें प्रथिन शोधून काढलें. त्या मंडळींत सातोशी ओमुरा होते. बाहेर पडतांना माती भरून आणण्याकरितां खिशांत पिशवी बाळगणारे, आणि तशाच मातींतून निघालेल्या एका दुसऱ्या औषधाबद्दल २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झालेले ते हेच गृहस्थ.

हीं प्रथिनें काय करतात, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे. एचआयव्ही हा विषाणु मोठा वेषधारी आहे. त्याच्या अंगावर प्रथिनाचीं जीं टोंकें असतात, त्यांच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. आणि ही साखर त्याची स्वतःची नसते. ज्या पेशींत तो वाढतो, त्या आपल्याच पेशीच्या भांडारांतून ती त्यास चढविली जाते. घरच्या माणसाची शाल पांघरून चोरानें वावरावें, आणि राखणदारानें त्यास नमस्कार करावा, तसा प्रकार होतो. परंतु ह्या वेषांत एक उणें राहतें. आपल्या निरोगी पेशींवर साखरेच्या साखळ्या बहुधा पुरत्या संस्कार होऊन येतात. विषाणूवर मात्र मॅनोज नांवाच्या साखरेच्या अर्धवट संस्कारलेल्या साखळ्या दाटीवाटीनें उभ्या असतात. नेमकी ही दाटी तीं प्रथिनें ओळखतात. ॲक्टिनोहिव्हिन हें ११४ दुव्यांचें प्रथिन. त्याचे तीन सारखे भाग, आणि प्रत्येक भागास साखळीचें टोंक धरणारा एकेक खळगा. तीन ठिकाणीं एकदम पकड बसली म्हणजे विषाणूला आपल्या पेशीचें दार उघडतां येत नाहीं. बोटावर मोजण्याइतक्या अणूंच्या मांडणींत फरक पडला तर ती पकड ढिली होते. पात्रापात्रविवेक म्हणतात तो येथें आहे; इतका सूक्ष्म विवेक आमच्या कोणत्याहि धर्मसभेनें दाखविलेला नाहीं. आणि तरीहि, ही साखर कोणाच्या रक्तांतून आली, नवऱ्याकडून आलेल्या विषाणूची कीं बाजारांतून आलेल्याची, सुईवाटे आलेल्याची कीं आईच्या दुधावाटे आलेल्याची, हा भेद त्या प्रथिनास करतां येत नाहीं. आम्हीं कणकेच्या परातीपाशीं उभें राहून जो भेद केला, तो त्याच्या त्या तीन खळग्यांत मावत नाहीं.

येथें एखादा चिकित्सक वाचक आम्हांस थांबवील. प्रथिनास नीति नाहीं. मग त्याच्यापासून नीति शिकण्याची ही हौस कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तो टाळूं इच्छीत नाहीं. माती ही दयाळू माता आहे, तिनें लेंकरांकरितां औषधें सांठवून ठेवलीं आहेत, अशा प्रकारचें लिहिणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. धनुर्वाताचा जंतु ह्याच मातींत राहतो. मातीनें माखलेल्या पात्यानें नाळ कापल्यामुळें आपल्या देशांत किती नवजात अर्भकें गेलीं, हें आपल्या आज्यांना विचारावें. शिवाय हा रोग मनुष्यजातींत शिरला तो विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, मध्य आफ्रिकेंतील चिंपांझींच्या विषाणूपासून. आणि मातींतील हे जीव मनुष्याच्याहि कोट्यवधि वर्षें आधींचे. तेव्हां त्यांनीं हें प्रथिन आपल्याकरितां केलेलें नाहीं, हें उघड आहे. उपकाराचा हेतु नाहीं, म्हणून उपकारहि नाहीं, असें कोणी म्हटलें तरी आमचा वाद नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच: औषधानें पात्र पाहून काम करावें, ही जी आपली गुप्त इच्छा असते, ती पुरी करणारें औषध निसर्गांत नाहीं आणि प्रयोगशाळेंतहि नाहीं. पात्र पाहणारा कोणी असलाच तर तो औषध देणारा हात होय. मग त्या हातानें तरी हें काम कोणत्या अधिकारानें अंगावर घ्यावें?

ह्यावर जुनें उत्तर आहे, आणि तें दिसतें तितकें हास्यास्पद नाहीं. परिणामाची भीति नाहींशी झाली म्हणजे अनाचार वाढतो, असें तें उत्तर. उपदंशावर १९१० सालीं सॅल्व्हर्सन निघालें, पुढें पेनिसिलीन आलें, तेव्हांहि पाश्चात्य देशांतील कित्येक सच्छील माणसांनीं हीच चिंता वाहिली होती. भीतीनें कांहीं माणसें सांभाळून राहतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याला आपण शिक्षा म्हणतों, ती निदान ज्याची त्याला तरी मिळाली पाहिजे. भोसरीच्या संस्थेंतील रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ ते १९९६ ह्या काळांत पुण्याच्या गुप्तरोगचिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली आणि १९९७ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांत ज्या स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, त्यांच्यापैकीं शेंकडा सुमारें १४ स्त्रियांच्या रक्तांत हा विषाणु सांपडला; आणि त्यांतील बहुतेकींचा जन्मांत एकाच पुरुषाशीं संबंध आलेला होता, तो म्हणजे लग्नाचा नवरा. चौकशी न करतां चिठ्ठ्या टाकून, तीहि बहुधा आरोपीच्या बायकोच्या नांवाची चिठ्ठी काढून, फांशी सांगणाऱ्या न्यायाधीशास आपण किती दिवस खुर्चीवर ठेवूं? आणि समजा, एखाद्या वेळीं चिठ्ठी बरोबर निघाली. एका रात्रीच्या मोहास मृत्यु ही शिक्षा न्याय्य कशी, तें आम्हांस कोणीं दाखवावें.

गंगाखेडकरांचा हा निष्कर्ष प्रथम वाचला तेव्हां आम्हीं तो मोठ्या उत्साहानें चार ठिकाणीं सांगितला. 'पाहा, ह्या बायका निर्दोष आहेत!' पुढें लक्षांत आलें कीं, आम्ही पुन्हां तेंच करीत होतों. निर्दोषांची एक रांग आम्हीं औषधाच्या खिडकीपाशीं उभी केली, म्हणजे दुसरी एक रांग आपोआपच तयार झाली. आणि त्या दुसऱ्या रांगेंतील बाईसहि पोटासाठीं तेथें कोणी आणून उभें केलें असेल, हें पाहण्याची आम्हांस फुरसत नव्हती.

ह्या प्रथिनांच्या बाबतींत तर हा विचार आणखी विचित्र होतो. हीं रोग झाल्यावर गोळी म्हणून घ्यावयाचीं औषधें नव्हेत. पोटांत गेलीं तर डाळीच्या प्रथिनासारखीं पचून जातील. संशोधकांच्या मनांत होतें तें असें कीं, त्यांचें मलम किंवा जेल करून स्त्रियांनीं आधींच लावावें, म्हणजे विषाणूस दारांतच अडवितां येईल. सायनोव्हिरीनच्या जेलचे माकडांवर प्रयोग झाले, ते आशादायक ठरले. पण त्या प्रथिनानें आपल्या पेशीहि चाळवल्या जातात असें दिसलें, आणि स्वस्तांत, शुद्ध स्वरूपांत पुष्कळ प्रथिन तयार करणें हेंहि सोपें नव्हे. बाजारांत आज तें औषध म्हणून मिळत नाहीं, ॲक्टिनोहिव्हिनहि नाहीं. तरी त्यामागील कल्पना मोलाची होती. नवऱ्यास कांहीं न विचारतां, त्याच्या संमतीची वाट न पाहतां, स्त्रीच्या स्वतःच्या हातीं राहील असें तें रक्षण होतें. आतां आमच्या पोळीवाल्या बाईनें, नवरा धडधाकट असतांना, असलें कांहीं दुकानांत जाऊन मागितलें असतें, तर तिला काय ऐकावें लागलें असतें? आजारी पडल्यावर ती 'बिचारी' झाली. आजार टाळावयास निघती तर संशयास्पद ठरती. निर्दोषपणाचें प्रमाणपत्र आपण रोग लागल्यावरच देतों, आणि तोंवर त्याचा उपयोग संपलेला असतो.

पात्र पाहण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यांत कोणी कोणास कांहीं पुसत नाहीं, म्हणून तो सभ्य समजला जातो. तो म्हणजे किंमत. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत ह्या रोगावरील तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं तींच औषधें सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेस वर्षाकांठीं ३५० डॉलरांत देऊं केलीं. आपल्या १९७० च्या कायद्यानें औषधाच्या कृतीवर पेटंट मिळे, औषधावर मिळत नसे, म्हणून हें शक्य झालें. २००५ सालीं तो कायदा बदलला. सरकारनें १ एप्रिल २००४ पासून कांहीं मोजक्या दवाखान्यांतून हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला, आणि पुढें तीं जिल्ह्याजिल्ह्यांत मिळूं लागलीं. २०२४ सालीं आफ्रिकेंतील तरुण स्त्रियांवर लेनाकापाविर ह्या, वर्षांतून दोनदां टोंचून घ्यावयाच्या औषधाचा प्रयोग झाला. तें मातींतून आलेलें नाहीं. पण तें टोंचून घेणाऱ्या दोन हजारांवर स्त्रियांपैकीं एकीसहि रोग लागला नाहीं, आणि अमेरिकेंत त्याची वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरांवर ठेवण्यांत आली. गरीब देशांकरितां तें फार स्वस्तांत करण्याचे करार झाले आहेत. ते पार पडोत. आम्हीं परातीपाशीं विचारलेला प्रश्न निदान ऐकूं तरी येत होता. अठ्ठावीस हजारांचा आंकडा तोच प्रश्न मुकाट्यानें विचारतो आणि उत्तराचीहि वाट पाहत नाहीं.

आम्हीं केलें तसें वागण्यास आतां कायद्यानें मनाई आहे. २०१७ चा तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. आम्हांस त्याचा धाक पडण्याचें कारण उरलेलें नाहीं. बाई घाटींतून नियमानें औषध घेत गेली आणि चांगली ठणठणीत राहिली. पुढें तिनें डबे करून देण्याचें काम धरलें. नोकरीसाठीं खोली घेऊन राहणारीं बरींच मुलें तिच्या हातचें जेवून गेलीं. तिला आम्हीं पुन्हां कधीं बोलावलें नाहीं. प्रथम भीतीमुळें, नंतर लाजेमुळें; बाहेरून पाहणारास दोन्हींत फरक दिसण्याचें कारण नव्हतें.

गेल्या मृगांत, पहिली सर पडून गेल्यावर, ती फाटकापाशीं आली. मुलीचें लग्न ठरलें होतें. पेढ्यांचा पुडा हातांत होता. आमच्या कुटुंबानें "आंत ये" म्हटलें. "चपला वल्या हायेत, काकू," असें म्हणून ती बाहेरच उभी राहिली. ओल्या मातीचा वास सुटला होता. तिनें पुडा उघडून पुढें केला. आम्हीं एक पेढा उचलला. आणि तो तोंडांत टाकीपर्यंत तिची नजर आमच्या हातावर होती.